निम्म्यावर टाळ्या पडत नाहीत

तीर्थस्वरूप काकांना,

पुतण्याचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा आठांपैकी पाच अंगांचाच समजावा). तुमचा गुडघा कसा आहे? काकूचा खोकला गेला का? आठही गाई ठीक असतील. माझी प्रकृती उत्तम. फक्त गेले पाच दिवस छापखान्यात माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि जे बोलतात ते न बोलते तर बरं, असं बोलतात.

वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. दुधाचे कॅन पोचवणाऱ्या गाडीवाल्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. पहिल्या तारखेपासून आमच्या कँटीनचं दूध बंद होणार आहे. म्हणजे तुमचंच. तुमच्या गोठ्यातलं बरंचसं दूध आमच्याकडे येतं हे मला माहीत आहे, आणि ते बंद करायला लावणारा माणूस मीच आहे. आता कृपा करून पत्र काकूच्या हातात न देता पुढे वाचा.

त्याचं असं झालं. कामगारांच्या सभेत कँटीनच्या जेवणावर बोलायला मला उभं केलं. (मी आपणहून उभा राहिलो, असं माझ्या शेजारी बसून मुद्रितं तपासणारे दोघं म्हणतात, पण ते जळतात.) तयारी कडेकोट होती. तीन आठवडे ग्रंथालय पालथं घातलं होतं. आपण जनावराला पोतंभर धान्य चारतो आणि त्यातून ताटभर मांस मिळालं म्हणून खूश होतो. त्या चाऱ्यापायी रानं तुटतात, पाणी आटतं. आणि रवंथ करणारी गाय जो ढेकर देते त्यातल्या वायूने पृथ्वी तापते, हे सगळं मी सांगितलं. मग दुधावर आलो. वासरू झाल्याशिवाय गाय दूध देत नाही, आणि वासरांतली निम्मी नर निघतात. त्यांचं पुढे काय होतं हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, तुम्ही सांगितलंत. तो गोऱ्हा विकलात तेव्हा गाय तीन दिवस फाटकाकडे तोंड करून हंबरत होती, आणि तुम्ही न मोडलेलं कुंपण दुरुस्त करत तिच्याजवळ बसून होता. नाव न घेता मी तेही सांगितलं. 

इथपर्यंत सगळं बरोबर होतं, आणि त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. घोटाळा पुढच्या वाक्यात झाला. कागदावर लिहिलं होतं की मांस आणि दूध आपण सर्वांनी निम्मं करावं. पण काका, तुम्ही कधी भाषण केलं नाहीत म्हणून सांगतो, चढत गेलेलं वाक्य निम्म्यावर उतरवता येत नाही. मूठ वर गेलेली असते. समोर दोनशे माणसं श्वास रोखून बसलेली असतात. अशा वेळी 'निम्मं' म्हणणं म्हणजे हत्तीवरून उतरून चप्पल शोधणं. मी गरजलो, "एक थेंब नाही, एक तुकडा नाही!" छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला आणि मी चारही दिशांना वाकून आभार मानले. (उसण तेव्हाचीच.)

हात दाखवून अवलक्षण! आचाऱ्याने पहिल्या तारखेची वाट पाहिलीच नाही. दुसऱ्याच दिवसापासून नुसती उकडलेली डाळ. तो तोंडाने काही बोलत नाही, डाळीतून बोलतो. तुमचे कॅन येतातच आहेत. त्यातल्या दुधाचं दही लावून तो रोज संध्याकाळी फाटकावर वाटतो, त्यामुळे अख्खी गल्ली माझ्या विचारांची झाली आहे. (मला इथे 'तोफ' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.) यंत्रावरचा कारागीर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तोफसाहेब, गाईच्या एका ढेकराने पृथ्वी तापते, मग तुम्ही पाऊण तास बोललात त्याचं काय?" पण खरा घाव घातला बांधणी खात्यातल्या बाईंनी. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, निम्मं म्हणाला असतात तर मी जन्मभर पाळलं असतं. आता शुक्रवारपर्यंत पाळते."

आणि मी? मी कोरा चहा पितो, हसऱ्या चेहऱ्याने, चारचौघांत. इतकं लांबलेलं भाषण मी आयुष्यात केलेलं नाही.

शुक्रवारी ठरावाच्या फेरविचारासाठी पुन्हा सभा आहे. ठराव टिकला तर तुमचा गोठा बसतो. पडला तर लोक दुप्पट खातील आणि पुढची दहा वर्षं या विषयावर कोणी कोणाचं ऐकणार नाही. मी स्वतः शब्द फिरवला तर म्हणतील, याचं सगळंच खोटं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. असो. काकूला नमस्कार, गाईंच्या पाठीवरून हात.

तुमचा पुतण्या

ता.क. : खरं काम लिहायचं राहिलं. शुक्रवारी चार वाजता या. कँटीनला दूध घालणारे म्हणून तुम्हाला बोलायचा हक्क आहे. उठा आणि मला पाडा. 'निम्मं' म्हणा. तीन गाई होत्या तेव्हा प्रत्येकीची खोड तुम्हाला पाठ होती. आता दोघींना कानातल्या बिल्ल्यावरच्या आकड्याने ओळखता. चार पुरेत, बाकी रानात कडधान्य लावा, असं काकू कधीपासून म्हणते आहे. कडधान्य कँटीन घेईल. आचाऱ्याला विचारलं आहे. ("तुम्ही बोलणार नसाल तर घेतो," म्हणाला.)

आणखी ता.क. : मुद्दे माझेच वापरा, ते खरे आहेत. आवाज तेवढा तुमचा असू द्या. मी कडाडून विरोध करीन, लागेल असंही बोलेन. मनावर घेऊ नका.

शेवटचा ता.क. : मी ठरवून हरणार आहे हे काकूला कळू देऊ नका, तिला वाटू दे, तुम्हीच जिंकलात. आणि तुम्ही एकदा खाकरून उभे राहिलात की मला ठरवावं लागेल, असं काही मला वाटत नाही.