सात मिनिटे काहीही न करण्याबाबत

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
तयार कपड्यांचा कारखाना,
मुख्य कचेरी, पहिला मजला.

अर्जदार : यंत्रचालक, काज-बटण विभाग, टेबल क्र. १४

विषय : सिगारेट न ओढताही सिगारेटची सुटी मिळणेबाबत.
संदर्भ : बिल्ल्याच्या गैरवापराबद्दल अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस, दि. ९ नोव्हेंबर.

महोदय,

उपरोक्त नोटिशीचा खुलासा असा की, एकोणीस वर्षांपूर्वी अर्जदार रुजू झाला तेव्हा त्यास चहाचेही व्यसन नव्हते. विभागात सलग चार तास मान खाली घालून काजे करावी लागतात. मुकादमांच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला घेतल्यास सात मिनिटे मागच्या फाटकाबाहेर जाता येते, मात्र तो ओढणाऱ्यांनाच मिळतो. दुसऱ्याच आठवड्यात पाठ धरली म्हणून अर्जदाराने उठण्याची परवानगी मागितली असता, "ओढत नाहीस ना? मग बस खाली," असे उत्तर मिळाले. तिसऱ्या आठवड्यापासून अर्जदार ओढू लागला. सुरुवातीस खोकून जीव नकोसा झाला, परंतु फाटकाबाहेर आभाळ दिसते आणि इस्त्रीवाले 'मास्तर' म्हणून हाक मारतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

२. गेल्या महिन्यात छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी, "आता सोडा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका," असे स्पष्ट सांगितले. अर्जदाराची कन्या तेव्हापासून रोज संध्याकाळी सदऱ्याची कॉलर हुंगते. सबब अर्जदाराने सिगारेट सोडली. तिच्याबरोबर बिल्लाही सुटला. अकरा दिवस अर्जदार टेबलावरून उठला नाही. काजे तिरपी जाऊ लागली. इस्त्रीवाले जाता-जाता, "काय मास्तर, संन्यास घेतला?" एवढे विचारून बाहेर पडत. अर्जदारास सिगारेटपेक्षा त्यांचीच आठवण जास्त येई.

३. बाराव्या दिवशी अर्जदाराने बिल्ला घेतला व फाटकाबाहेर जाऊन सिगारेट नुसतीच ओठांत धरली. ती सात मिनिटे, महोदय, फार सुखाची गेली. परंतु धूर दिसत नसल्याचा अहवाल पहारेकऱ्यांनी दिला. बिल्ला धूम्रपानासाठी आहे, हवा खाण्यासाठी नाही, असे नोटिशीत म्हटले आहे. दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः फाटकाशी आले व म्हणाले, "मास्तर, नोकरी घालवता का? पेटवा." अर्जदाराने पेटवली. त्या संध्याकाळी कन्येने कॉलर हुंगली आणि सदरा बाहेर दोरीवर नेऊन टाकला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अर्जदाराची गत झाली आहे. नोकरी आणि छाती, दोहोंची त्यास भीती वाटते.

४. तरी टेबल क्र. १४ ला दिवसातून दोनदा सात मिनिटे काहीही न करण्याची लेखी परवानगी मिळावी. नियमात बसत नसल्यास, सिगारेट न पेटवता ओठांत धरणे हेच धूम्रपान समजण्यात यावे. अर्जदार एकच सिगारेट वर्षभर पुरवील.

आपला आज्ञाधारक, तूर्त ओढणारा,
(सही)
काजेमास्तर
दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) डॉक्टरांची चिठ्ठी
३) न पेटवलेली सिगारेट, नमुन्यादाखल, नग एक

ता.क. : टेबलावर सवड नसल्याने सदर अर्ज फाटकाबाहेर, बिल्ल्याच्या वेळेत, तीन खेपांत लिहिला आहे. पहारेकरी धूर निघतो का पाहत समोरच उभे होते. त्यामुळे जोड क्र. ३ सादर करता येत नाही.