मिठाचा कायमचा बंदोबस्त

८ ऑक्टोबर, रविवार
आज माझा मेहुणा लेऑन्स जेवायला होता. त्याचं गॅरेज आहे, म्हणून जगातल्या सगळ्या गाड्या आपणच चालवतो असं त्याला वाटतं. भर पंगतीत म्हणाला, अल्फे, तुझी गाडी अकरा वर्षं जिवंत आहे ती माझ्या तेलामुळे. आणि ओदिलने मान डोलावली. माझ्या बायकोने! कोंबडीचा रस्सा घशाखाली उतरेना. तरी दोनदा घेतला, वाया कशाला घालवायचा.

ठराव: यंदा गाडीला लेऑन्सचं तेल लागणार नाही. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने येणाऱ्या गंजाचा बंदोबस्त मी स्वतः करणार. ज्याने उभा जन्म खाऱ्या पाण्यात बोट चालवली त्याला मीठ शिकवू नये.

१४ ऑक्टोबर
गावात तेलाचा हंगाम. लेऑन्सच्या दारात रांग. खालून पत्र्यावर तेल फवारून घ्यायचं आणि लगेच खाणीच्या कच्च्या रस्त्यावर गाडी पिटाळायची, म्हणजे धूळ तेलाला चिकटून थर बसतो. म्हणे! पाद्रीबाबासुद्धा धुरळा उडवत गेले. काय हा अडाणीपणा. मी रस्त्याकडेला उभा राहून हसलो. धूळ तोंडात गेली.

ओदिलला माझा बेत समजावून सांगितला. म्हणाली, काय वाट्टेल ते कर, पण मे महिन्यात या गाडीने मला आल्बर्टाला नेलं पाहिजे. आमचा मुलगा रेमी तिकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेलाच्या खाणीवर कामाला आहे. सप्टेंबरात त्याला मुलगी झाली, एलोडी. ओदिल विमानात बसत नाही. एकदा नुसती विमानतळावर गेली तर दोन दिवस पडून होती. म्हणजे गाडीच. पाच हजार किलोमीटर. दुसरी गाडी घ्यायची आमची ऐपत नाही, हे ती बोलली नाही. मीही नाही.
म्हटलं, पाच काय, दहा हजार जाईल.

२१ ऑक्टोबर. सकाळ
श्रीगणेशा. अकरा वर्षांचं तेल गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढलं. काय तो राडा! खाली पत्रा लख्ख. लेऑन्सने पाहिला असता तर लाजला असता.

दुपार
पत्र्यावर जाड काळा रबरी रंग. पत्रा पूर्ण कोरडा करून मग लावा, असं डब्यावर लिहिलंय. पाऊस येत होता, कोण थांबतो. डबा बनवणाऱ्यांना आमची हवा काय माहीत.

२३ ऑक्टोबर
मोठा शोध! गाडीखाली पडून काम बघत होतो. दारांच्या खालच्या कडेला, दाराखालच्या पोकळ पट्टीला, सगळीकडे भोकं. बारीक, ओळीने. कंपनीने उघडीच टाकलेली. इतकी वर्षं खारं पाणी इथूनच आत जात असणार, आणि लेऑन्सच्या एकदाही लक्षात येऊ नये!
बोटीच्या बुडाला भोक दिसलं तर मासेमार काय करतो? बोट विकली तरी तिची पुट्टी फडताळात होतीच. एकूण एक भोक बुजवलं. आता गाडी समुद्रात लोटली तरी तरंगेल. ओदिलला तसं म्हटलं. ती म्हणाली, मला रस्त्याने जायचंय.

१९ नोव्हेंबर
पहिला बर्फ. पाठोपाठ मिठाचा ट्रक. खिडकीत उभा राहून त्याच्याकडे बघून हसलो. ड्रायव्हरला वाटलं ओळखीचा आहे, त्याने हात केला.

३ डिसेंबर
गाडी थंडीत कुडकुडत उभी राहते हे मनाला पटेना. शेडमध्ये हीटर बसवला. आता बर्फ अंगावर घेऊन येते, घटकाभरात सगळं वितळतं, मग निवांत उबेत. ओदिल म्हणाली, मी दोन गोधड्या घेऊन झोपते आणि तुझी ही महाराणी तिकडे शेकत बसते. मी म्हटलं, तिला आल्बर्टाला जायचंय. ती म्हणाली, मलाही जायचंय.
लेऑन्स गावभर सांगतोय की उबेत मीठ पत्रा जास्त खातं, गाडी थंडीतच बरी. जळतो मेला.

७ जानेवारी
वळणावर गाडीतून खळखळ आवाज. ओदिल म्हणाली, कुठेतरी पाणी साचलंय. मी म्हटलं, पेट्रोलची टाकी भरलेली आहे, तिचा आवाज. तिने काट्याकडे बोट दाखवलं. काटा तळाला.
रेडिओ मोठा केला.

२८ जानेवारी
मीठ धुऊन टाकायला हवं म्हणून कडाक्याच्या थंडीत गाडी धुऊन आणली. चर्च सुटेपर्यंत चारी दारं गोठून चिकटली. मागच्या झाकणातून आत चढलो. पाय बराच वेळ बाहेर होते, सगळं गाव पायऱ्यांवर उभं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकंदरीत व्यायाम झाला.

११ फेब्रुवारी
एलोडीला पहिला दात. रेमीने फोनवर दाखवला. ओदिलने पडद्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसली. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी घासत होती, घासलेलीच. मी शेडमध्ये गेलो, गाडीला चक्कर मारली. आत आलो. परत गेलो. गाडी ठीक आहे. गाडी अगदी ठीक आहे.

१४ मार्च
लेंटच्या चाळीस दिवसांच्या उपासातले निम्मे सरले. आज लोक सोंगं घेऊन घरोघर फिरतात. घरच्यांनी नाव ओळखेपर्यंत सोंगाने मुखवटा काढायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही.
आमच्याकडे आलेल्या सोंगाने रेनकोटभर तपकिरी कागदाचे कपटे चिकटवले होते. चाललं की गळायचे. गंजाचं सोंग! ओदिल पोट धरधरून हसली. मी दारातच ओळखलं, तेलाचा वास लपतोय होय? पण लेऑन्सचं नाव घेईन तर शपथ. आधी पाद्रीबाबांचं घेतलं. मग पोस्टातल्या बाईंचं. मग गेल्या वर्षी वारलेल्या गास्पारचं. सोंग घामाघूम. पुढ्यात साखर भरून भाजलेली गोड पेस्ट्री, खाता येईना. ओदिल नाव घ्यायला गेली तेव्हा मी तिला दटावलं, घरातला पुरुष ओळखेल म्हणून.
शेवटी सोंग उठलं. शेडकडे हात करून बोटांनी हवेत भोकं पाडल्यासारखं काहीतरी करायला लागलं. खालून वर, खालून वर, मग हातांनी पाणी वाहिल्याची खूण. मी म्हटलं, वा, छान नाचतोस. ते पाय आपटत निघून गेलं. कपटे मी झाडले.
मजा आली. अजून हसू येतंय. झोप मात्र नाही.

९ एप्रिल
शेडमध्ये गाडीखाली तांबडा डाग. तांबडी माती असणार. आमच्याकडे नाही, पण समोरच्या बेटावर आहे, आणि वारा तिकडूनच येतो.

१७ मे
गाडीची सरकारी तपासणी. लेऑन्सकडे नेली नाही, माणूस निःपक्षपाती हवा. थेट त्राकादी शहरात नेली. ओदिलने सँडविच बांधून घेतली. म्हणाली, येताना एलोडीला टोपी घेऊ.
तपासणारा पोरगेलासा, शिट्टी वाजवत होता. गाडी वर चढवली आणि बारकी हातोडी घेऊन पट्टीवर ठोकत निघाला. पहिला ठोका छान वाजला. दुसऱ्याला हातोडी आत गेली. मग पाणी. तांबडं. बराच वेळ येत राहिलं. शिट्टी थांबली.
त्याने विचारलं, काका, ही पाणी जायची भोकं कुणी बुजवली?
मी म्हटलं, आधीच्या मालकाने.
ओदिल म्हणाली, गाडी आम्ही कोरी घेतली होती.
पास झाल्याचं स्टिकर नाही. गाडी रस्त्यावर न्यायची नाही. दुरुस्ती होईल का विचारलं, तर म्हणाला, काका, पत्रा जोडायला आधी पत्रा तर पाहिजे. ओदिल बाकावर बसली आणि सँडविच खाल्ली. तिची आणि माझी.  मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
न्यायला लेऑन्स आला, आमची गाडी मागे ट्रॉलीवर. त्याचा ट्रक आमच्या गाडीहून कितीतरी जुना, बुडाशी तेलाचे आणि धुळीचे ढेपळे. तिघे एका सीटवर, मी मध्ये. त्यानेही एकही टोमणा मारला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० मे
लेऑन्स येऊन म्हणाला, ताईला मी नेतो ट्रकमधून. तूही चल, मध्ये बस. मी म्हटलं, आल्बर्टापर्यंत मध्ये? आणि मला इथे कामं आहेत. ओदिलने विचारलं, कोणती?
मी म्हटलं, आहेत.

२४ मे. सकाळ
गेले. ओदिलने काच खाली केली, म्हणाली, अल्फे, शेवटचं विचारते. मी म्हटलं, सावकाश जा, टायरमधली हवा बघत जा. वळणावर लेऑन्सने ब्रेक लावला. परत येतायत! धावत आत गेलो, टोपी घेतली, दात घासायचा ब्रश खिशात घातला. बाहेर आलो तर रस्ता मोकळा. कुत्रं आडवं गेलं असणार.
दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं. घरभर चिलटं झाली.

३० मे
सकाळी भंगारवाला गाडी घेऊन गेला. टायर चांगले आहेत म्हणाला. पुट्टीही अजून पक्की आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मीच दाखवलं.
संध्याकाळी ओदिलचा फोन. पोचले. एलोडी लेऑन्सच्या मिशा ओढते. त्याच्या अंगावरून उतरायला तयार नाही. मला एकदम भरून आलं. म्हटलं, ओदिल, चुकलं माझं, मला यायचं होतं गं, त्या मधल्या सीटवरसुद्धा! जरा मोठ्यानेच बोललो असेन.
ती म्हणाली, हळू, बाळ आत्ताच झोपलंय.
इतक्या लांबून मी आवाज खाली आणला.