तळमजल्यातला ळ

मी, खाली सही करणारा, पाट्या कोरणारा, वय एक्याऐंशी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. जावई हल्ली फार वेळा तब्येत विचारून जातात, ते दडपणात धरलेले नाही.

राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. कोरायची हत्यारे मुलाला. पटाशीची मूठ सैल आहे. ती मी सैल केलेली नाही.

आता संगणक. त्यावर सगळ्यांना खुली असलेली, फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. माझ्या दिवंगत पत्नीने हाताने काढलेली अक्षरे त्यात आहेत. त्यांवरूनच मशीन पाट्या कापते. ती अक्षरे जावयांनी ‘यूएसआर’ नावाच्या फोल्डरात, सिस्टीमच्याच अक्षरांच्या फाइलीवर बसवली. का, तर “यूएसआर म्हणजे यूजर, म्हणजे आपणच की, बाबा!” ते फोल्डर सिस्टीमचे. अपडेट आले आणि सिस्टीमने आपली फाइल परत आणून ठेवली. ‘तळमजला’ अशी पाटी कापली तेव्हा मला दिसले, ळ परका होता. हिचा ळ डावीकडे जरा झुकतो, कानोसा घेतल्यासारखा.

जावई म्हणाले, “अक्षर ते अक्षर, बाबा. कुठेही ठेवा, पाटी निघाल्याशी मतलब.”

मी म्हटले, “मग तुमचा दात घासायचा ब्रश शेजाऱ्यांकडे ठेवा.”

मुलगी हसली. कोणाच्या बाजूने, ते कळले नाही.

जुन्या पेनड्राइव्हवरून अक्षरे मी पुन्हा आणली आणि ‘यूएसआर’च्या आतल्या ‘लोकल’ कप्प्यात ठेवली. आपण स्वतः आणलेले तिथेच ठेवायचे असते. अपडेट तिथे हात घालत नाही. पेनड्राइव्ह कुठे आहे ते लिहीत नाही. हा कागद आधी कोण वाचेल, सांगता येत नाही.

संगणक मुलीला, पण एका अटीवर. मी गेल्यावर आधी अपडेट करावे, मगच माझ्या नावाची पाटी कापावी. माझ्या नावात ळ नाही, म्हणून खाली ‘तळमजला’ असेही कोरावे. लोक हसले तर हसू देत. ळ साक्षीदारांनी पाहावा. झुकलेला असेल तर संगणक मुलीचा. ताठ निघाला तर मुलाचा, आणि पेनड्राइव्ह कुठे आहे ते चष्मेवाले त्याच्या एकट्याच्या कानात सांगतील.

साक्षीदार: १. समोरचे चष्मेवाले. २. शेजारचे शिंपी. (दोघांना ळ दाखवून ठेवला आहे.)

ठिकाण: दुकानामागची खोली, आतून कडी लावून.
दिनांक: १४ नोव्हेंबर.

सही: (आहे)

वर कुठेही खाडाखोड नाही. आढळल्यास ती माझी नाही.