आमची बिनचूक वंशावळ

३ जून २०२३. सकाळी ६.
संकल्प : दिवाळीच्या आत वंशावळ छापून घ्यायची. येसाजींपासून माझ्यापर्यंत सात पिढ्या, एकही नाव सुटलेलं नाही. तीस वर्षं तलाठी होतो, वारसांच्या नोंदीत चुकत नाही. मुलींची नावं घातली नाहीत. त्या लग्न होऊन दुसऱ्या कुळात जातात.

११ जून.
लेक पनवेलहून आली. नूतन म्हणते, आनंदीआत्या स्तनाच्या कॅन्सरने गेली, आजीलाही तेच असावं, मी तपासून घेते, हे रक्तातून उतरतं. मी हसलो. आईला छातीत म्हशीचं शिंग लागलं होतं, त्यातच ती गेली. आनंदी पोलादपूरला दिलेली, म्हणजे कूळच वेगळं. शिवाय बायकांचा आजार बापाकडून कसा येईल? साधं लॉजिक. नको म्हटलं. ऐकलं तिने. गुणी आहे.

१८ ऑगस्ट २०२४.
नूतनच्या छातीत गाठ. दुधाची असणार. तिची धाकटी श्रुतिका पाच वर्षांची आहे, तरी असू शकते.

२ सप्टेंबर.
दुधाची नाही.

७ ऑक्टोबर.
रिपोर्ट आला. नूतनच्या जनुकात जन्मापासून बदल आहे, आईकडून नाहीतर बापाकडून आलेला. माझं आणि बायकोचं, अमिताचं, रक्त घेतलं. अमिताच्या माहेरच्या, वरंधच्या लोकांची तब्येत पहिल्यापासून तोळामासाच. संकल्प : तिचा रिपोर्ट आला की मोठ्या मनाने माफ करायचं.

४ नोव्हेंबर.
अमिताच्या रक्तात काही नाही. लॅब भरवशाची दिसत नाही.

६ नोव्हेंबर. दुपार.
माझ्यात आहे. डॉक्टर मॅडमनी कागदावर घराणं काढलं, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. आई, आनंदी, मी, नूतन, एक सरळ रेघ. मी शिंगाचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. एसटीत अमिता एवढंच म्हणाली, तवा पोरीला अडवलीत नसती तर.

२१ नोव्हेंबर.
लिव्हरपर्यंत पसरलंय. नूतनने विचारलं, बाबा, श्रुतिकालाही असेल का? तिचं कूळ वेगळं, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. नूतन माझा हात धरून बसली. मलाच धीर देत होती.

२४ नोव्हेंबर.
मी अडवलं. दीड वर्ष गेलं, ते माझ्यामुळे.
वंशावळ बाहेर काढली. आनंदीचं नाव लिहिलं, नूतनचं लिहिलं. मग आईचं. भागूबाई हे तिचं सासरचं नाव. लग्नाआधी तिला काय म्हणत, ते मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही.