मन मोकळं करण्याचं रजिस्टर

३ जून
मेट्रननी बोलावलं. माझ्या वॉर्डातल्या सर्वांत जुन्या नर्सनं, म्हणजे मोठ्या सिस्टरांनी, बदलीचा अर्ज दिलाय. त्या गेल्या तर वॉर्ड बसलाच. ज्या हातात मला शीर सापडत नाही, तिथे त्या बोलता बोलता सलाईन लावतात. मेट्रन म्हणाल्या, तुम्ही इन-चार्ज आहात, नर्सेसचं मनोबल बघा, अहवाल द्या, महिनाअखेरपर्यंत अर्ज थांबवते. मनोबल हा माझा विषयच आहे. निदान असावा.

६ जून
तीस प्रश्नांचा फॉर्म वाटला. नऊच्या नऊ जणी शंभर टक्के आनंदी! संध्याकाळी लक्षात आलं, नऊही फॉर्मांवर अक्षर एकच. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, कुणालाच वेळ नव्हता ब्रदर, तुमचं मन मोडू नये म्हणून मीच भरले.

९ जून
शोध लागला! ड्यूटी संपताना पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हर, देऊन झाली की सगळ्या दहा मिनिटं लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून खिदळतात. मी दार उघडलं की गप्प. जागा आहे, उत्साह आहे, फक्त शिस्त नाही. ती मी लावणार.

१२ जून
गठ्ठे हलवले. खुर्च्या मांडल्या. भिंतीवर ‘मन मोकळं करा’. दाराशी रजिस्टर: नाव, वेळ, मन मोकळं करण्याचं कारण. बायको म्हणाली, कारण लिहायला लावलंस तर मी घरातसुद्धा तोंड उघडणार नाही. तिला प्रशासन कळत नाही.

१७ जून
पाच दिवसांत एकच नोंद. माझी. कारण: कोणी येतं का ते पाहणे.

२० जून
मोठ्या सिस्टरांना सरळ विचारलं, माझं काय चुकलं? म्हणाल्या, अहो, तिथं आम्ही तुमची नक्कल करायचो. कुणी दगावलं, कुणाचे नातेवाईक अंगावर आले, की तेवढाच उतारा. अर्ज दिला तरी पाय अडायचा तो त्यापायीच; तोही तुम्ही काढून घेतलात, मग राहू कशाला?
कसली नक्कल, ते विचारलं नाही.
विचारलं. सुई चुकली की मी पेशंटच्या हाताची माफी मागतो, ती.

२३ जून
खुर्च्या बाहेर, गठ्ठे आत. अर्ज मागे. अट एकच: मी दार ठोठावल्याशिवाय आत जायचं नाही, आणि ठोठावायचंही नाही.

३० जून
अहवालातला शेवटचा रकाना: मनोबल वाढण्यास कशाची मदत झाली? पाऊण तास विचार केला. लिहिलं: माझ्या तिथे नसण्याची. मग वाटलं, यातही श्रेय मीच घेतोय. खोडायला पेन उचललं.
खोडलं नाही.