डोकं कोणामुळे दुखतं

३ मार्च
ही आज मोठ्या बहिणीकडे गेली. दोन बॅगा घेऊन. म्हणाली, या घरात शिंकायचीसुद्धा चोरी झालीय. म्हटलं जा, हवापालट होईल. येईल आठ दिवसांत. एका परीने बरंच झालं. माझ्या मायग्रेनचं मूळ म्हणजे आवाज आणि वास, आणि दोन्ही हिचेच.

४ मार्च, सकाळ
डोकं दुखत नाहीये. दुखू नये म्हणून एक गोळी घेतली. डॉक्टरांनी सांगितलंय, दुखायला लागल्यावरच घ्यायची, आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. पण त्यांना कुठे चष्म्याचं दुकान चालवायचंय? गिऱ्हाइकाच्या नाकासमोर बसून नंबर काढायचा असतो. यालाच दूरदृष्टी म्हणतात.

९ मार्च
घर इतकं शांत की फ्रिज ऐकू येतो. डोकं दुखतंच आहे. म्हणजे फ्रिजच असणार. बंद केला. दूध नासलं.

१२ मार्च
औषधवाला म्हणाला, चिठ्ठी जुनी झाली, डॉक्टरांना भेटा. दुसऱ्या दुकानात गेलो. एकाच माणसाचं भलं का करा? तिसरंही हेरून ठेवलंय.
हिला फोन केला. म्हटलं, इकडे मजेत. तिने विचारलं, जेवलात का. हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१५ मार्च
कारण सापडलं. माझाच चष्मा. जगाचे नंबर काढतो आणि स्वतःचा चुकवून बसलोय. नव्या काचा घातल्या. संध्याकाळी डोकं फुटायची वेळ आली. एक गोळी घेतली, तासाभरात दुसरी. पाकिटातल्या कागदावर दोन तास थांबा असं आहे, पण अक्षर इतकं बारीक की त्यांचा फारसा आग्रह नसावा.
मग छातीत आवळल्यासारखं झालं. घाबरलो. हिला हाक मारली. नंतर आठवलं. थोड्या वेळाने आवळणं थांबलं. शर्ट घट्ट झाला असेल.

१७ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फक्त चिठ्ठी नवी करायला. त्यांनी विचारलं, महिन्यात किती गोळ्या. म्हटलं, अधूनमधून. म्हणाल्या, आकडा सांगा. मग खरं सांगितलं. निम्मंच. तेवढ्यावरच त्यांचा चेहरा बदलला. छातीचं ऐकल्यावर तर तिथल्या तिथे ईसीजी काढला, प्रेशर बघितलं. ईसीजी ठीक, प्रेशर चढलेलं. म्हणाल्या, ही गोळी रक्तवाहिन्या आवळते, प्रेशर चढलेल्या माणसाने असा खेळ करू नये. आणि सारखी घेतली की तीच डोकं दुखवते. बंद करा. सुरुवातीला जास्त दुखेल, मग उतरेल. छातीत परत काही झालं तर लगेच दवाखाना गाठा.
मी म्हटलं, डॉक्टर, माझं कारण घरगुती आहे. त्या म्हणाल्या, पण दोन आठवडे घरात तुम्ही एकटेच आहात ना?
बायकांना बायकांचीच बाजू.

२० मार्च
गोळी बंद. निर्धार म्हणजे निर्धार.
दुपार. निर्धार गेला खड्ड्यात. तिसऱ्या दुकानापर्यंत गेलो, ते बंद होतं. उलट्या झाल्या. पडून आहे. ही कपाळावर ओली पट्टी ठेवायची. मी म्हणायचो, श्वास जरा हळू घे.

११ एप्रिल
आठवडाभर डोकं दुखलं नाही. आज दुकानासमोर कोणीतरी ट्रकमधून लोखंडी पाइप टाकले, तरी नाही. म्हणजे दुखण्याचं मूळ आवाज नव्हता. म्हणजे ही नव्हती. एवढी दोन वाक्यं लिहायला चहा गार झाला.
ठरलं. रविवारी जाऊन घेऊन येतो. सगळं सांगायचं. ती आधी चिडेल, मग हसेल, मग बॅगा भरेल. चादरी धुतल्या. टॅक्सी जाण्यायेण्याची सांगितली.

१३ एप्रिल, रविवार
दार हिनेच उघडलं. डोळ्यांवर नवा चष्मा. तपकिरी फ्रेम. आपल्या दुकानातली नाही.
गोळीचं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाली, बरं झालं कळलं ते, आता मनाने काही घेत जाऊ नका. म्हटलं, खाली टॅक्सी उभी आहे. म्हणाली, मी येणार नाही.
मी चष्म्याचं विचारलं. म्हणाली, नंबर वाढून दोन वर्षं झाली. रोज ठरवायचे तुमच्या कानावर घालायचं, पण तुमचं डोकं दुखत असायचं. इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, त्याने लगेच काढून दिला. आता सुईत दोरा ओवता येतो.
चष्म्याची डावी दांडी जरा वर होती. मागून घेतला, अंगठ्याने वाकवून सरळ केला, परत दिला. तिने घातला. म्हणाली, हं, आता नीट बसला.
मेहुणी आतून आलीच नाही.
टॅक्सी उभीच होती. त्याच टॅक्सीने परत निघालो. रडू आवरेना, तोंडावर हात धरून बसलो. ड्रायव्हरने विचारलं, काय साहेब, डोकं दुखतंय का?
हो म्हटलं.