मशीनची जागा

प्रिय 'ऐकतेस का',

प्रिय लिहून झालं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. उभ्या आयुष्यात तुला दुसरी कुठली हाक मारल्याचं आठवत नाही, म्हणून तीच लिहिली. हसू नकोस, आणि लेकीला दाखवू नकोस. फोन करता येत नाही का, असं तू म्हणशील. नाही येत. डावा कान तर कधीचाच गेला आहे आणि उजव्याला फोन लावला की पलीकडून नुसता गुणगुणाट येतो. मग मी ओरडतो, ओरडलं की दम लागतो, दम लागला की मुलगा फोन काढून घेतो आणि 'बाबा ठीक आहेत' असं सांगून मोकळा होतो. माझ्या तब्येतीचं मी सोडून बाकी सगळे सांगतात. म्हणून कागद घेतला. शाळा सातवीतच सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

घरी सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, पण ठीक काहीच नाही. सगळ्यांनी मिळून मला भंडावून सोडलं आहे. मुलानं दारावर पाटी लावली आहे, आत ऑक्सिजन आहे, सिगारेट ओढू नये. येणारा माणूस ती वाचतो आणि मी आत दारूगोळा साठवून बसलो असल्यासारखा माझ्याकडे बघतो. नळीनं नाक कोरडं पडलं म्हणून तुझ्या डबीतलं मलम लावायला गेलो तर सून धावत आली, तेलकट काही नाकाशी न्यायचं नाही. दूध उतू जातंय का बघायला स्वयंपाकघरात डोकावलो तर शेगडीपासून लांब व्हा. स्वतःच्या घरात मी पाहुण्यासारखा उभा. दुकानातली जुनी गिऱ्हाइकं भेटायला येतात आणि दारातूनच तोच विनोद करतात, जन्मभर लोकांच्या सायकलीत हवा भरलीत, आता तुमच्यात भरायची वेळ आली. पहिल्यांदा मी हसलो होतो. आता तोंडाकडे बघूनच कळतं की हा तेच बोलणार आहे, आणि ज्याला त्याला वाटतं आपल्यालाच सुचलं.

तू गेलीस त्या दिवसाचं मला उकरून काढायचं नाही. ऑक्सिजनचं मशीन घरात आलं, दोन दिवस लावलं आणि मग मी त्यावर चादर टाकून ठेवली, हे खरं आहे. एवढ्या घरघरीत तुला झोप लागायची नाही, म्हणून बंद ठेवतो, असं मी म्हणालो, तेही खरं आहे. तुझी झोप किती हलकी, हे मला ठाऊक नाही का? नळ ठिबकला तरी उठून बसतेस. त्यावर तू पिशवी भरता भरता जे बोललीस ते मात्र मला एका कानानंही स्वच्छ ऐकू आलं. 'रात्रभर तुमच्या छातीकडे बघत पडते मी. हलतेय का, नाही हलत. आता लेकीकडे जाते. तिथं निदान दिसणार तरी नाही.' आणि गेलीस. चष्मासुद्धा विसरलीस, तो मुलानं मागून पाठवला.

तर मशीन मी दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. तू गेलीस म्हणून नव्हे. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून झापलं. म्हणाल्या, फुप्फुसं पुरती हवा घेत नाहीत, त्यामुळे हृदयाला दुप्पट राबावं लागतं, पायाला सूज येते ती त्यातूनच. रात्रभर लावायचं आणि दिवसाही बराच वेळ, मनात येईल तेव्हा नाही. आता इतकं ऐकल्यावर माणूस लावणारच. पायांची सूज उतरली आहे, चपलेचा पट्टा पुन्हा बसतो. पण आवाजाचा प्रश्न राहिला, आणि त्या प्रश्नानं माझा जीव नकोसा करून टाकला.

आधी मशीन कपाटात ठेवलं, तुझ्या कपड्यांच्या खालच्या कप्प्यात, आणि दार लोटून घेतलं. आवाज अर्धा झाला असावा. थोड्या वेळानं सून धावत आली, म्हणाली मशीन केव्हाचं शिट्टी मारतंय आणि तुम्ही आरामात पडलात काय? आतून ते तव्यासारखं तापलं होतं. मशीनवाल्याला बोलावलं. आल्या आल्या त्यानं माझ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाला, आजोबा, तेल-ग्रीसच्या हातांनी नळीच्या जोडाला शिवायचं नाही, आग लागू शकते. त्याला म्हटलं, बाबा रे, हे ग्रीस नाही, आता हाच नखांचा रंग आहे. तरी हात धुवायला लावलेच. मग म्हणाला, हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून देतं, त्याला चहूबाजूंनी मोकळं लागतं. भिंतीपासून हातभर लांब, पडद्यापासून लांब, शेगडीच्या आसपास तर अजिबात नाही. म्हणजे कपाट गेलं, स्वयंपाकघर गेलं. न्हाणीघरात ओल. गॅलरीत धूळ. सगळं घर धुंडाळलं, पण एवढ्याशा डब्याला जागा म्हणून नाही.

शेवटी लांब नळी मागवली आणि मशीन खोलीबाहेरच्या बोळकांडीत, चपलांच्या फळीपाशी नेऊन ठेवलं. नळी दाराखालून आत घेतली तर दार लावताना दबायची. मी नाकातली टोकं पाण्याच्या पेल्यात बुडवून बघितली, पंक्चर बघतो तशी, तर बुडबुडे बंद. मग कानस घेतली आणि दाराच्या खालच्या कडेला नळीपुरती खाच पाडली. लांबलं ते काम, कारण कानस चार वेळा फिरवली की बसावं लागायचं. मुलगा संध्याकाळी येऊन खाचेकडे बघत राहिला. नवं दार होतं, एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. त्यानंतर जो तो त्या नळीत अडखळतोय. सून कपडे वाळत घालायला निघाली की नळी, मुलगा दाढी करायला उठला की नळी. त्यात सुनेची आणखी एक खोड, रोज संध्याकाळी ती फोन घेऊन नेमकी त्या बोळकांडीत मशीनजवळ जाऊन उभी राहते. तोंडानं बोलत नाही, नुसता फोन धरून उभी. मला वाटलं, आवाजाची तक्रार करायला नोंद करून घेत असेल मशीनवाल्यासाठी. मी विचारलं नाही. घरात आधीच कमी कटकटी आहेत का?

मग माझ्याच डोक्यात एक खूळ शिरलं. पंपाची नळी लांब केली की जोर कमी पडतो, हे मी जन्मभर बघितलं आहे. इथं तर नळी पार बोळकांडीतून खाटेपर्यंत. म्हणून दोनवरचं बटण चारवर नेलं, आणि पुरत नाही असं वाटलं तेव्हा पाचवर. सकाळी उठलो तर डोकं दगडासारखं आणि घर भलतंच दिसायला लागलं. समोर सून उभी, तिला मी 'ऐकतेस का' म्हणून हाक मारली. म्हणे पुन्हा पुन्हा मारत राहिलो. तिनं 'हो, ऐकतेय' म्हणत मला धरून बसवलं, बटण खाली आणलं आणि डॉक्टरबाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या छातीला जास्त ऑक्सिजन दिला की आतली खराब हवा बाहेर पडत नाही, साठत जाते, माणूस गुंगत जातो आणि कळतही नाही. दोन म्हणजे दोन. आणि एवढ्या लांबीच्या नळीनं काही कमी होत नसतं, तुमचा पंप वेगळा आणि हे वेगळं. मी मान हलवली. ट्यूब जास्त भरू नका म्हणून मी गिऱ्हाइकांवर खेकसायचो, ते आठवत होतं. तुला हे कुणी सांगितलं नसेल. सांगू नका असं मीच बजावलं होतं. आता मीच सांगतोय.

बाई गेल्यावर मुलगा खाटेच्या कडेला बसला. बऱ्याच दिवसांनी असा बसला. म्हणाला, 'बाबा, तुम्हाला त्या मशीनचा आवाज येतच नाही. उजवा कान उशीत घालून झोपता. मग ते खोलीबाहेर घालवायला एवढा आटापिटा का?' मी भिंतीकडे बघितलं. पलीकडची उशी रिकामी आहे, ती त्यालाही दिसत होती. तो उठून गेला, पण दारात सून उभी होती, तिनं ऐकलं असावं. ती आत आली आणि माझ्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाली, 'आईंचा रोज संध्याकाळी फोन येतो. म्हणतात, बोलू नकोस, फोन नुसता मशीनजवळ धर. ऐकतात आणि मग ठेवतात.'

आता तूच सांग, या माणसांना म्हणायचं काय? मी कपाटात ठेवलं, बोळकांडीत नेलं, दार कापलं, स्वतःचं डोकं फिरवून घेतलं, सगळं कशासाठी, तर तू आलीस की घरघर तुझ्या कानी पडू नये. आणि तू तिकडे लेकीच्या घरी बसून तीच घरघर फोनवर ऐकतेस. मला हे कुणीतरी आधी सांगायला नको होतं? तू सांगायला नको होतं? त्या दिवशी पिशवी भरताना एवढं बोललीस, त्यात हे एक वाक्य आणखी मावलं नसतं?

असो. मशीन आज परत आपल्या खोलीत आणलं. मुलानं उचललं, मी नुसत्या सूचना दिल्या, त्यावरही तो चिडला. तुझ्या बाजूला ठेवलं आहे, भिंतीपासून हातभर, पडदा बांधून घेतला आहे. लांब नळी गुंडाळून खिळ्याला टांगली. दाराची खाच तशीच आहे, तिच्यातून वारा येतो, तिचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. बटण दोनवर आहे, सून येता-जाता बघते. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की मशीन थांबलं किंवा वीज गेली तर ते शिट्टी वाजवतं म्हणे. मी ती शिट्टी आजवर एकदाही ऐकलेली नाही. मुलगा-सून दार लावून झोपतात, आणि त्यांनी झोपावंच. चालू आहे तोवरची घरघर आणि बंद पडलं की वाजणारी शिट्टी, दोन्ही ऐकू येईल असं माणूस या खोलीत एकच होतं. फोनवर ऐकू नकोस. इथं ये आणि ऐक.

तुझाच
'अहो'